बॉनेट उघडं, डोळे उघडे

किस्से गोळा करायला कुठे लांब जावं लागत नाही. एका जागी निवांत बसावं लागतं, आणि त्या जागी बसणाऱ्या माणसांचा एकमेकांवर विश्वास नसावा लागतो. कोरेगावात हणमंत मिस्त्रीच्या गॅरेजसमोर जो लाकडी बाक आहे, तिथे या दोन्हींची उत्तम सोय आहे.

शहरातले लोक म्हणे सकाळी गाडी सर्व्हिसिंगला देतात, किल्ली काउंटरवर ठेवतात आणि संध्याकाळी येऊन गाडी घेऊन जातात. आमच्याकडे कुणी असं केलं तर घरचेच विचारतील, "बरं हाय न्हवं तुमाला?" आमच्याकडे गाडी गॅरेजला दिली की मालकानं तिच्याजवळ बसायचं असतं. दवाखान्यात पेशंटजवळ बसतात तसं. फरक एवढाच, की दवाखान्यात आपण पेशंटच्या तोंडाकडे बघतो आणि इथे डॉक्टरच्या हाताकडे!

बाक मिस्त्रीनेच टाकलाय. पूर्वी लोक त्याच्या खांद्यावरून वाकून बघायचे. इतके वाकायचे, की बॉनेटच्या आत उजेड पोचेना. शेवटी वैतागून त्याने बाक आणला आणि म्हणाला, "बघा. डोळं भरून बघा. पर हितं बसून बघा!"

त्या बाकावर आम्ही चौघं कायमचे. ज्याच्या गाडीचं काम असेल तो राखण करायला येतो आणि बाकीचे त्याला सोबत म्हणून. मी चौघांत कमी बोलणारा. त्यामुळे ऐकायचं काम माझ्याकडे आलं.

* * *

सर्वांत आधी हवालदार सांगायला हवेत.

हवालदार म्हणजे शंकरराव. फौजेत गाड्या चालवल्या, फौजेतच सांभाळल्या. तिथे रोज सकाळी इंजिन चालू करण्याआधी गाडीची तपासणी असते, तिला 'फर्स्ट परेड' म्हणतात. रिटायर होऊन घरी आले, वर्दी पेटीत गेली, पण परेड चालूच राहिली. सकाळी अंगणात गाडीचं बॉनेट उघडायचं, छाती पुढे काढायची आणि गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात स्वतःच विचारायचं, स्वतःच सांगायचं: "तेल! ठीक. पानी! ठीक. हवा! ठीक."

त्यांना यावरून कुणी हसत नाही. कारण सगळ्यांना माहीत आहे. त्यांच्या घरच्या, इंदूवहिनी, यांना आठवड्यातून तीनदा डायलिसिससाठी साताऱ्याला न्यावं लागतं. मशीनची वेळ ठरलेली असते. ती हुकली की नंबर पुढे जातो. मग वहिनींच्या अंगावर सूज चढते, धाप लागते, रात्रभर बसून काढावी लागते. एकदा रस्त्यात रेडिएटरचा पाइप फुटला तेव्हा हे सगळं घडून गेलं आहे. त्या दिवसापासून हवालदारांनी ठरवलं, गाडी पुन्हा बंद पडता कामा नये. आणि गाडीला हात लावणाऱ्या कुणावरही विश्वास ठेवायचा नाही.

ऑइल बदलायचं असेल तर ते डबा घरून आणतात. सील फोडण्याआधी बाकावरच्या सगळ्यांना दाखवतात. पंचनाम्याला पंच असतात तसे आम्ही माना हलवतो. ऑइल स्वतः ओततात. मग रिकाम्या डब्यात खिळा ठोकून भोकं पाडतात. त्यात कुणी हलकं ऑइल भरून दुसऱ्याला चांगलं म्हणून विकू नये!

एवढ्यावर थांबत नाहीत. गाडीतून काढलेलं जुनं ऑइलही मागतात.

मिस्त्री म्हणाला, "आवं, जुनं काय करायचंय? काळं ठिक्कर पडलंय."

"हितं ठेवलं तर तू दुसऱ्याच्या गाडीत घालशील."

बाकावर म्हसवडचे बिरूतात्या बसले होते. ते पिकअपमधून डाळिंबं घेऊन बाजाराला येतात. ते शांतपणे म्हणाले, "त्यात काय वाईट हाय? काळं म्हंजे मुरलेलं. लोणचं न्हाई का मुरत?"

मिस्त्रीने काळ्या ऑइलची बादली सरळ तात्यांच्या पुढ्यात आणून ठेवली.

"मग घ्या की! भाकरीसंगट!"

* * *

आमचे जगदाळे सर मेढ्याच्या शाळेतून निवृत्त होऊन कोरेगावात राहायला आले. नोकरीभर त्यांनी परीक्षेत कॉप्या पकडल्या. त्यामुळे बॉनेट उघडलं की त्यांना परीक्षेचा वर्गच दिसतो.

गॅरेजवाले चांगले पार्ट काढून जुने बसवतात असं त्यांनी कुठेतरी ऐकलं. मग दर सर्व्हिसिंगच्या आधी बायकोचं, म्हणजे आमच्या बाईंचं, लाल नेलपॉलिश घेऊन, हात पोचेल त्या प्रत्येक पार्टवर त्यांनी एकेक टिपका द्यायला सुरुवात केली. एअर फिल्टरवर टिपका, बॅटरीवर टिपका, फॅनच्या पट्ट्यावर टिपका. काम झालं की स्वतः सगळं उघडून हजेरी घ्यायचे. "हजर. हजर. हजर." सगळे टिपके जागेवर दिसले की समाधानाने घरी.

अशी काही वर्षं गेली. मग गाडी चढावर धापा टाकायला लागली. पेट्रोल ढोसायला लागली. सर गाडी घेऊन आले आणि म्हणाले, "हणमंता, यात काहीतरी बदललंय. माझा संशय आहे."

मिस्त्रीने एअर फिल्टर काढून आपटला. आधी धूळ पडली, मग एक वाळकं पान, मग एक मेलेलं फुलपाखरू. शेवटी खाली उरला तो धुळीनं बुजलेला फिल्टर आणि त्याच्यावरचा लाल टिपका.

"सर, ह्यो बदला म्हणून दर बारीला सांगतोय. तुमी दर बारीला म्हणता, माझा हाय तोच परत बसव. तुमचं सगळं जिथल्या तिथं हाय. म्हणून तर गाडी चालंना!"

सरांनी त्या दिवशी नवा फिल्टर घेतला. बसवण्याआधी खिशातून बाटली काढून त्यावर टिपका दिला.

* * *

सरांचाच अजून एक. गाडीच्या डॅशबोर्डवर इंजिनचा पिवळा दिवा लागायला लागला. सरांचं मत, "हे दिवे कंपनीवाले आतूनच लावतात. माणूस घाबरून सर्व्हिसिंगला यावा म्हणून." त्यांनी दिव्यावर काळी चिकटपट्टी लावली. दिवा दिसेना, सर निर्धास्त.

शेजारी बसलेल्या बाई म्हणाल्या, "माझ्या बीपीच्या मशीनवर पण एक पट्टी लावा. म्हणजे मला पण मीठ खाता येईल!"

* * *

बिरूतात्यांच्या घराण्यात पिढ्यान्पिढ्या मेंढरं. आता पोरं शेती बघतात, तात्या पिकअप बघतात. पण नजर धनगराचीच. टायर विकत घेताना मेंढा निवडल्यासारखा अंगठ्याने दाबून, हात फिरवून, खालून वर बघून घेतात.

एकदा म्हसवडहून निघताना त्यांनी चाकांत हवा भरली. पुढे एक हवेचं दुकान दिसलं. तात्यांना वाटलं, आपल्या गावच्या माणसाने हवा कमी तर भरली नसेल? तिथे उतरले. "नुसती मोज. भरू नगंस." त्याने मीटर लावलं. फुस्स. आकडा थोडा कमी आला. तात्यांच्या मनात आलं, याचं मीटर खोटं असणार. पुढच्या दुकानात परत. "नुसती मोज." फुस्स. आकडा आणखी कमी! आता संशय पक्का झाला. मग दुकान दिसलं की उतर, मोज. फुस्स.

कोरेगावात पोचले तेव्हा चारही चाकं बसल्यासारखी, डाळिंबं एका बाजूला कललेली आणि तात्या संतापलेले. "हणमंता, म्हसवडच्या भाद्दरानं हवाच भरली न्हाई बघ! वाटंत सगळ्यांनी मोजून सांगितलंय. सगळे साक्षीदार हायत!"

मिस्त्रीने सगळी हकीकत ऐकून घेतली. मग हवेची नळी उचलली.

"तात्या, तुमच्या हवंवर कुणी डाका घातला न्हाई. तुमीच गावोगाव वाटत आलाय!"

* * *

ब्रेकचा किस्सा आज हसण्यावारी जातो, पण त्या दिवशी थोडक्यात निभावलं.

सरांच्या गाडीचा ब्रेक दाबला की किंचाळल्यासारखा आवाज यायचा. मिस्त्री म्हणाला, "पॅड झिजल्यात सर, बदलाय पायजेत." सरांना वाटलं, गेल्या वेळी यानेच काहीतरी खुबी करून आवाज चालू केला असणार. घरी गेले आणि चाकाच्या फटीतून ब्रेकवर खोबरेल तेल सोडलं.

आवाज बंद! सर खूश. मिस्त्रीला दाखवायला म्हणून मुद्दाम गाडी घेऊन निघाले. वळणावर ब्रेक दाबला. आवाज आला नाही. गाडीही थांबली नाही. रस्ता सोडून, बांध ओलांडून सरळ उसात शिरली आणि बरीच आत जाऊन थांबली. देवाची कृपा, उसाशिवाय कुणाला काही झालं नाही.

उसाचा मालक पळत आला. सर दार ढकलून बाहेर आले, डोक्यावर उसाची पानं. मालकाने त्यांच्याकडे बघितलं, मागे आडव्या पडलेल्या उसाच्या पट्ट्याकडे बघितलं आणि संशयाने विचारलं, "मी तोडायला टोळी दुसरीच ठरीवलीय. तुमी कुठल्या कारखान्याकडनं आलाय?"

पॅड त्याच दिवशी बदलले गेले. 

* * *

आता पुन्हा हवालदारांकडे.

एके दिवशी साताऱ्याला जाता जाता ते गाडी दाखवायला थांबले. वहिनी मागच्या सीटवर होत्या. मिस्त्रीने ऑइल मोजायची पट्टी काढली, पुसली, परत घालून काढली. ऑइल खालच्या खुणेच्याही खाली.

हवालदार ओरडले, "सकाळी परेडला फुल हुतं!"

आम्ही सगळ्यांनी वाकून गाडीखाली बघितलं. एक थेंब गळलेला नव्हता. सरांनी पट्टी बघितली, म्हणाले, कमी आहे. मी बघितली. कमीच होती. हवालदारांनी पट्टी हातात घेतली, लांब धरली, जवळ धरली, उन्हात धरली आणि म्हणाले, "फुल हाय."

ते रस्त्यावरची लांबची पाटी आमच्या आधी वाचतात. पण जवळचं त्यांना पुसट दिसायला लागलंय, हे आम्हाला तेव्हा कळलं.

मागून वहिनी म्हणाल्या, "आवं, डॉक्टरांनी जवळचा चष्मा सांगितलाय न्हवं?"

"त्याचं अन् चष्मेवाल्याचं साटंलोटं हाय. तू गप बस."

 मिस्त्री सीलबंद डबा सगळ्यांना दाखवून ऑइल ओतत होता तेवढा वेळ वहिनी खिडकीतून त्या पट्टीकडे बघत होत्या.

हवालदारांनी बराच विचार करून निकाल दिला. "आलं ध्यानात. तू पट्टी पुसतोस न्हवं, त्या फडक्यानं तेल चोरतोस!"

मिस्त्रीने हातातला बोळा वर धरला. "आवं हवालदार, एवढं तेल पुसायला मला फडकं न्हाई, धोतर लागंल!"

* * *

त्यानंतर थोड्याच दिवसांनी हवालदार बाकावर आले ते आवाज खाली करूनच.

"माज्या गाडीत कोणतरी हात घालतंय."

"काय गेलं?" सरांचे डोळे चमकले.

"गेलं न्हाई. वाढतंय."

कुलंटच्या बाटलीतलं पाणी आपोआप खुणेवर येतंय. बॅटरीच्या तोंडाशी बोटाला पांढरी भुकटी लागायची, ती लागत नाही. काच धुवायच्या टाकीत पाणी भरलेलं. आणि घरातला ऑइलचा डबा उचलला तर हलका! मिस्त्रीने पट्टी काढून बघितली. ऑइल बरोब्बर वरच्या खुणेला.

"असला चोर हाय व्हय?" मिस्त्री म्हणाला. "आमच्याकडं पाठवा की त्याला. कामाला माणूस मिळंना झालाय!"

सरांना मिस्त्रीचाच संशय. म्हणाले, "आधी सवय लावायची आणि मग बिल पाठवायचं, अशी ही पद्धत आहे." मिस्त्रीला सरांचा संशय. "घ्या, टिपकं द्यायला कोण फिरतंय बॉनेटं उघडत?" तात्या दोघांचं ऐकून घेत होते. मग म्हणाले, "मेंढरं राखताना लांडगा लय येळा बघितलाय गड्या. पर त्यो न्यायला यायचा. ठेवून जाणारा लांडगा मी अजून बघितला न्हाई."

हवालदारांना हसू आलं नाही. जो आज ऑइल घालतोय तो उद्या टाकीत साखर घालून इंजिनही जाम करेल, असं त्यांचं म्हणणं. आणि गाडी बंद पडली तर काय होतं, ते त्यांनी एकदा बघितलं होतं.

हे सगळं दुपारी घडतंय, आपण जेवून पडतो तेव्हा, एवढं त्यांनी हेरलं. मग दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर गुपचूप गाडीभोवती गव्हाचं पीठ पसरलं. पाऊल उमटलं पाहिजे! आणि आत जाऊन पडले.

उठून बाहेर आले तर अंगण लख्ख झाडलेलं, वर पाण्याचा सडा. वहिनी केरसुणी घेऊन उभ्या.

"एवढं चांगलं पीठ अंगणात कुणी सांडलं वं? मुंग्या लागल्या असत्या की!"

बाकावर हे ऐकून सरांनी कपाळावर हात मारला. "पुरावा नष्ट!"

* * *

मग हवालदारांनी मला बाजूला घेतलं. "तुमी बोलत न्हाई. तुमीच या. साक्षीला माणूस पायजे."

त्या दिवशी जेवणानंतर ते घरात मोठ्याने म्हणाले, "बाजारात जाऊन येतो." फाटकातून बाहेर पडले, घराला वळसा घालून मागच्या कडब्याच्या शेडमध्ये आले. मी तिथे आधीच बसलो होतो. पेंढ्यांच्या फटीतून गाडी समोर दिसत होती. हवालदारांच्या हातात काठी होती.

थोड्या वेळाने दार वाजलं. इंदूवहिनी बाहेर आल्या. हातात चहाची किटली होती. त्यांनी रस्त्याकडे एकदा बघितलं, किटली पायरीवर ठेवली आणि गाडीचं दार उघडून आतला खटका ओढला.

बॉनेटचं लॉक घट्ट होतं. वहिनींच्या डाव्या हातात डायलिसिसच्या सुया टोचतात. त्या हातावर भार द्यायचा नाही असं डॉक्टरांनी बजावलेलं आहे. तो हात त्यांनी छातीशी धरला होता. उजव्या हाताने खटका दाबून बघितला, सुटला नाही. पुन्हा दाबला. सुटला तसा त्यांनी बॉनेटच्या कडेखाली खांदा घातला आणि खांद्यावर ते उचलून धरून, उजव्या हाताने आतला दांडा शोधायला लागल्या. दांडा एकदा सटकला. बॉनेट खांद्यावर दणकन बसलं.

हवालदार अर्धे उठले. मग तसेच खाली बसले.

वहिनींनी दम घेतला, दांडा पुन्हा लावला. पट्टी काढली, जुन्या चिंधीने पुसली, घातली, काढली. अगदी डोळ्यांपुढे धरून बघितली. मग अंगण ऐकेल एवढ्याच आवाजात, पण थेट हवालदारांच्या ढंगात म्हणाल्या, "तेल! ... कम." किटलीतून थोडं ऑइल ओतलं. पुन्हा बघितलं. "तेल! ठीक. पानी! ठीक."

मग पुढच्या चाकापाशी गेल्या, पायाने दाबून बघितलं. "हवा!" म्हणाल्या आणि थांबल्या. हवेचं त्यांना कळेना. स्वतःशीच पुटपुटल्या, "हवंचं त्यांनाच सांगते. चाक बसल्यागत वाटतंय म्हणून."

बॉनेट खाली घेतलं, चिंधी किटलीत कोंबली आणि आत गेल्या.

मी वळून हवालदारांकडे बघितलं. काठी कडब्यात पडलेली होती.  

दुसऱ्या दिवशी ते गाडी घेऊन गॅरेजला आले. तिघंही वाट बघत होते.

"घावला का?" मिस्त्रीने विचारलं.

"न्हाई."

"मग आता?"

"पहारा उठीवला."

सरांनी डोळे बारीक केले. "तुम्ही काहीतरी लपवताय." मग तिघांनी माझ्याकडे बघितलं. मी रस्त्याकडे बघितलं.

हवालदार म्हणाले, "हणमंता, बॉनेटचं लॉक जाम हाय. ते मोकळं कर. अन् दांडा सटकतोय, त्याला नवी क्लिप बसव."

मिस्त्रीने ग्रीस लावलं, स्प्रिंग बघितली, क्लिप बदलली आणि दोन्ही हातांनी बॉनेट उचलून दाखवलं. "घ्या. लोण्यागत झालंय."

हवालदारांनी ते खाली पाडलं. स्वतः पुढे झाले, डावा हात पाठीमागे घेतला आणि नुसत्या उजव्या हाताने उघडून बघितलं. मान हलवली.

"जड हाय."

मिस्त्रीने परत खोललं, परत जुळवलं. हवालदारांनी डावा हात पाठीमागे ठेवूनच परत उघडलं.

"आवं, फौजेत टरकाची चाकं उचललेला गडी तुमी! तुमाला कवाधरनं जड व्हायला लागलं?"

"सांगितलं तेवढं कर," हवालदार म्हणाले. "अजून हलकं पायजे."